प्रश्नावली आधी आम्हाला दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देहविक्रय करणाऱ्या बायांच्या आरोग्याचं आणि सुरक्षिततेचं नवं सर्वेक्षण होणार असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. सर्वेक्षण कोण करणार, किती बायांना भेटणार, अहवाल कुणाकडे जाणार, हे सगळं बातमीत आहे. प्रश्न कुणी तयार केले, आणि ते तयार होताना धंदा करणारी एक तरी बाई तिथे बसली होती का, याबद्दल एक ओळही नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी या धंद्यात उमेदीची वर्षं काढली. नंतर पीअर म्हणून, म्हणजे बायांमधलीच आरोग्य कार्यकर्ती म्हणून, निरोध वाटले, बायांना तपासणीला नेलं, आणि आता आमच्या संघटनेच्या अभ्यासांसाठी मुलाखती घेते. शिक्षण सातवीपर्यंत. पण प्रश्नावलीचे कागद वस्तीत आल्यावर त्यांचं काय होतं आणि कुठल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही, हे मी उत्तर देणारी म्हणूनही पाहिलं आहे आणि विचारणारी म्हणूनही.

बाहेरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत सुरुवातीलाच एक ठरलेला प्रश्न असतो : ‘तुम्ही या व्यवसायात कशा आलात?’ पाच मिनिटांच्या ओळखीवर, हातात पेन घेऊन बसलेल्या अनोळखी माणसाला, आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगायची. बाया त्याचं उत्तर तयार ठेवतात. संस्थेच्या ताईंना एक, पत्रकाराला दुसरं, आणि पोलिसांशी ओळख असलेलं कुणी वाटलं तर तिसरं. पुढे त्या उत्तरांची टक्केवारी निघते, तक्ते छापले जातात, त्यावर भाषणं होतात. बाया खोटारड्या आहेत असा याचा अर्थ कुणी काढू नये. आपण अमुक बोललो तर सुधारगृहात नेतील का, पोराला काढून घेतील का, हे तिला माहीत नसतं. ज्या उत्तराने कमीत कमी नुकसान होईल ते ती देते. तिच्या जागी कुणीही हेच करेल.

आम्ही स्वतः प्रश्न लिहायला बसलो तेव्हा हा प्रश्न कुणी सुचवलाच नाही. एकीने सुचवलं : ‘शेवटची आजारी पडलीस तेव्हा कुठल्या दवाखान्यात गेलीस, आणि तिथे काम काय सांगितलंस?’ साधा प्रश्न. पण त्या एका प्रश्नावर बाया अर्धा अर्धा तास बोलल्या. कुणी धुणीभांडी करते म्हणून सांगितलेलं, कुणी शिवणकाम. खरं सांगितलं की डॉक्टर हात मागे घेतो, आधी एचआयव्हीची तपासणी लिहून देतो, आणि ज्या पाठदुखीसाठी बाई गेली ती पाठ तशीच दुखत राहते. रक्तदाब, साखर, मोतीबिंदू, वर्षानुवर्षं रात्री जागून मोडलेली झोप, दारूचं व्यसन, मनाचे आजार. आमच्यावरचं संशोधन कमरेखालीच सुरू होतं आणि कमरेखालीच संपतं, असं आमच्या बाया रागाने म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. एचआयव्हीसाठी निधी होता म्हणून एचआयव्हीचे प्रश्न आले. त्या कामाने जीव वाचवले. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, गोळ्यांवर आज ठणठणीत असलेल्या किती तरी बाया माझ्या ओळखीच्या आहेत, त्यामुळे त्या कामाबद्दल मी वावगं बोलणार नाही. पण पन्नाशीला आलेली, गिऱ्हाईक तुटलेली, घरी परत जायची सोय नसलेली बाई आजारी पडली तर तिच्याकडे कोण बघतं, हे कुठल्या प्रश्नावलीत आहे?

सुरक्षिततेचंही तसंच. ‘गेल्या वर्षभरात तुमच्यावर हिंसाचार झाला का?’ असं विचारलं की दहापैकी आठ जणी मान हलवून नाही म्हणतात. हिंसाचार म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर चाकू येतो, रक्त येतं. तिलाच विचारा : पैसे न देता कुणी गेला का? मध्येच निरोध काढून टाकला का? एकाचं ठरलं आणि खोलीत तिघं निघाले, असं झालं का? हप्ता दिल्यावरही वर्दीतल्या कुणी फुकट मागितलं का? बाहेरून कडी लावली का? मग ती आठवून आठवून सांगते, आणि कधी कधी ते सगळं एकाच महिन्यातलं असतं. हे प्रश्न कुठल्या पुस्तकातून आलेले नाहीत. ज्या बाईला त्या कडीचा आवाज माहीत आहे तिने ते लिहिले आहेत.

काही प्रश्न तर बाईला थेट अडचणीत आणतात, आणि ते लिहिणाऱ्यांना त्याची कल्पनाही नसते. ‘तुमच्या कमाईवर घरातले किती जण अवलंबून आहेत, त्यांची वयं काय?’ हा पाहणीतला नेहमीचा प्रश्न. आपल्याकडच्या १९५६च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायद्याचं कलम ४ वाचा. देहविक्रयाच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरची व्यक्ती त्या कलमाखाली गुन्हेगार ठरू शकते. कॉलेजात जाणारा मुलगा, म्हातारी आई, कुणीही. मग आईने त्या रकान्यात मुलाचं वय लिहू द्यावं का? आमच्या अभ्यासात आम्ही हा प्रश्न वेगळा केला : महिन्याच्या खर्चात सगळ्यात मोठा खर्च कशाचा? शाळा-कॉलेजची फी, औषधं, गावाकडे पाठवलेले पैसे, सगळं कळलं. कुणाचं नाव नाही, वय नाही.

संमतीपत्राचीही तीच गोष्ट. आमच्यातल्या बहुतेक बायांना दोन नावं असतात, एक घरचं आणि एक धंद्यातलं. गावी, सासरी, मुलांच्या शाळेत घरचं नाव चालतं आणि ते जपण्यासाठी बाई काय काय करते ते तिचं तिलाच माहीत. संशोधक येतो आणि म्हणतो, आम्ही तुमचं नाव कुठेही घेणार नाही, फक्त या संमतीपत्रावर खरं नाव लिहून सही करा. म्हणजे सगळ्या अभ्यासात तिचं खरं नाव असलेला एकमेव कागद तोच. आम्ही तोंडी संमती घेतो, विचारणारी बाई आपली सही करून ती नोंदवते, आणि हे रीतसर असल्याचं आता संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमित्याही मान्य करतात. तरी अजून अंगठ्याची शाई घेऊन येणारी पथकं आहेत. येतात तेही सकाळी अकराला. रात्रभर जागलेली बाई तेव्हा कुठे डोळा लागून झोपलेली असते. संध्याकाळी आले तर धंद्याची वेळ. तिचा तास घ्यायचा असेल तर त्याची भरपाई द्यायला हवी. तज्ज्ञांना बैठकीचा भत्ता मिळतो तेव्हा कुणी त्याला आमिष म्हणत नाही.

उत्तर खरं यावं यासाठी पद्धती आहेत, नाहीत असं नाही. कर्नाटकात एचआयव्हीच्या कार्यक्रमाचं मोजमाप करताना मतदानासारखी पद्धत वापरली गेली. दहा-बारा बाया एका खोलीत, प्रत्येकीला आडोसा, आडोशाआड पेट्या : हो, नाही, लागू नाही. प्रश्न मोठ्याने वाचायचा, बाईने त्या प्रश्नाची चिठ्ठी आपल्या मनातल्या पेटीत टाकायची. कुणी काय टाकलं ते विचारणारीलाही कळत नाही. निरोधाशिवाय संबंध आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण समोरासमोरच्या मुलाखतींपेक्षा यात जास्त निघालं. मी हे घेतलं आहे. वाचता न येणाऱ्या बाईच्या हातात चिठ्ठ्या क्रमाने लावून द्याव्या लागतात, एक खाली पडली की सगळा क्रम चुकतो, मग थांबून परत लावायच्या. वेळ जातो. पण चिठ्ठी पेटीत पडताना बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो.

आमच्या शरीरावर झालेल्या संशोधनाचा इतिहास आपल्या वाचकांना फारसा माहीत नसेल. १९९०च्या दशकाच्या शेवटी बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंडमधल्या आमच्यासारख्याच बायांवर नॉनॉक्सिनॉल-९ या जेलची चाचणी झाली. संबंधांआधी ते आत लावलं तर एचआयव्ही रोखला जाईल अशी आशा होती. २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत निकाल जाहीर झाला. जेलने लागण रोखली नाहीच, उलट ज्या बाया ते दिवसातून अनेकदा वापरत होत्या त्यांच्यात लागण वाढली. दिवसातून किती वेळा, हा तर आमच्या कामाचा पहिला हिशेब. औषधाची चाचणी आमच्यावर घ्यायची असेल तर हा हिशेब पहिल्या पानावर असायला हवा, आणि तो मांडायला आम्ही तिथे असायला हवं.

कंबोडियात २००४ मध्ये टेनोफोव्हिर या गोळीची चाचणी होणार होती. रोज गोळी घेतली तर एचआयव्हीपासून बचाव होतो का, हे बघायचं होतं. तिथल्या बायांच्या संघटनेने एवढंच विचारलं की चाचणी संपल्यावर पुढे काही वर्षांनी दुष्परिणाम दिसले तर आमच्या उपचारांची जबाबदारी कोण घेणार? त्यांनी दीर्घ मुदतीच्या विम्याची मागणी केली. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, आंदोलन झालं, आणि सरकारने चाचणीच थांबवली. त्या बायांना विज्ञानविरोधी ठरवणारेही निघाले. पुढे तीच गोळी दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने एचआयव्ही रोखते हे इतर अभ्यासांतून सिद्ध झालं. म्हणजे आधी बसून बोलणं झालं असतं तर बायांचंही भलं होतं आणि संशोधनाचंही. ते कसं करता येतं हे पुढे आपल्याच देशात दिसलं. म्हैसूरची ‘आशोदया समिती’ आणि कोलकात्याची ‘दुर्बार’ या धंदा करणाऱ्या बायांच्याच संघटना. प्रतिबंधक गोळीची चाचणी त्यांच्यामार्फत झाली. गोळी हवी का, कशी मिळावी, घरच्यांना दिसली तर काय सांगायचं, यावर त्यांनी आधी वस्तीत चर्चा घडवली आणि मग सुमारे १,३०० बाया त्यात सहभागी झाल्या. गोळीत औषध तेच होतं, जोडीला ते दुसरं औषध. पण इथे बायांशी बोलणं सुरुवातीलाच झालं, हा मोठा फरक.

न्यूझीलंडमध्ये २००३ साली देहविक्रय गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढणारा कायदा झाला. त्याचा परिणाम काय झाला हे विद्यापीठाने एकट्याने नाही तपासलं, धंदा करणाऱ्यांच्या संघटनेला बरोबर घेऊन तपासलं. ७७२ जणांची पाहणी झाली, आणि गिऱ्हाइकाला नकार देणं आता सोपं झालं असं साठ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं. नकार देता येतो का, हे मोजण्यासारखं आहे असं बाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही. आमच्या सुरक्षिततेचं खरं माप मात्र तेच आहे. महाराष्ट्रात सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेने छाप्यांत उचललेल्या २४३ बायांशी बोलून २०१८ मध्ये अहवाल काढला. त्यातल्या १९३ जणींनी सांगितलं की आम्ही स्वेच्छेने काम करत होतो, आम्हाला सोडवून न्यायला नको होतं. सुटका मोजणारे आकडे पुष्कळ आहेत. सुटका झालेल्या बाईला विचारून काढलेला आकडा हा असा असतो.

कुणी म्हणेल, मग अल्पवयीन मुलींचं काय, जबरदस्तीने आणलेल्यांचं काय? तो गुन्हा आहे आणि त्याला माफी नाही, आमच्याकडेही नाही. पण नवी मुलगी वस्तीत आली हे पहिल्यांदा कुणाला कळतं? शेजारच्या खोलीतल्या बाईला. कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत ‘दुर्बार’ने बायांचीच मंडळं नेमून नव्याने येणाऱ्या प्रत्येकीचं वय आणि मर्जी तपासायला सुरुवात केली. त्यांच्या कामावरच्या २०१४च्या अभ्यासात अल्पवयीनांचं प्रमाण १९९२ मधल्या २५ टक्क्यांवरून २०११ पर्यंत २ टक्क्यांवर आल्याचं नोंदवलं आहे. हा अभ्यास त्या कामाशी जोडलेल्यांनीच केलेला आहे, आणि बाहेरच्यांनी तो पडताळून पाहावा असं मलाही वाटतं. पण पडताळण्यासाठी आधी त्या मंडळातल्या बायांशी बोलावं लागेल.

आमच्या हाती सगळं दिलं की सगळं खरंच निघेल, असं मी म्हणणार नाही. शेजारणीसमोर एचआयव्हीबद्दल बोलायला बाई बाहेरच्यापेक्षाही जास्त घाबरते, कारण बाहेरचा निघून जातो आणि शेजारीण रोज भेटते. मुलाखत घेणारी घरवालीच्या, म्हणजे कोठा चालवणारीच्या, मर्जीतली असेल तर घरवालीबद्दल कुणी तोंड उघडणार नाही. म्हणून आम्ही एका वस्तीतल्या बाया दुसऱ्या वस्तीत पाठवतो, आणि कर्जाचे, घरवालीच्या हिशेबाचे प्रश्न पेटीवर घेतो. रस्त्यावर, लॉजवर, फोनवर धंदा करणाऱ्या बाया आणि तृतीयपंथी आमच्याही यादीत कमी पडतात. तिथे आम्हाला विद्यापीठातल्या लोकांची मदत लागते. नमुना कसा निवडायचा, आकड्यांचा किती अर्थ काढायचा, हे त्यांनी आम्हाला शिकवावं. आम्ही शिकतो. गुणाकार-भागाकार न येणाऱ्या बायांनी तक्ते वाचायला शिकलेलं मी पाहिलं आहे, आणि एकदा वाचता आले की त्या तक्त्यातली चूकही त्याच काढतात. एका तक्त्यात ‘अविवाहित’ म्हणून नोंदलेल्या बायांमध्ये देवाला सोडलेल्या बायाही धरलेल्या होत्या. आमच्यातल्या एका म्हातारीने बोट ठेवून ते दाखवलं. संशोधकाने तिथल्या तिथे रकाना बदलला. असं काम चालावं.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात जे निर्देश दिले, त्यांत निरोध सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये असं म्हटलं आहे. आधार कार्ड देताना बाई धंदा करते हे उघड करणारा कुठलाही संकेत त्यावर नसावा असं म्हटलं आहे. छाप्याच्या आणि सुटकेच्या बातम्यांत ओळख पटेल असं नाव, छायाचित्र येऊ नये हेही त्यात आहे. आपल्या छायाचित्रकारांना हे माहीत असेल, तरी सांगते : पाठमोरा फोटोही ओळखू येतो. साडीवरून, वेणीवरून, दारावरच्या रंगावरून येतो, आणि गावाकडचे लोक पेपर वाचतात. न्यायालयाने नेमलेल्या समितीची आणखी एक शिफारस आहे जिची चर्चा फार कमी झाली. आमच्यासाठी कुठलंही धोरण, कुठलाही कार्यक्रम आखताना, ठरवताना, राबवताना आम्हाला किंवा आमच्या प्रतिनिधींना सहभागी करून घ्यावं, असं समितीने म्हटलं आहे. धोरण सर्वेक्षणावर उभं राहतं. मग सहभाग सर्वेक्षणापासूनच सुरू व्हायला नको का?

आणि सर्वेक्षण संपल्यावर कागद कुठे जातात? कुठल्या गल्लीत किती बाया, कुठल्या लॉजवर, कुठल्या वेळी, असे नकाशे या अभ्यासांत तयार होतात. निरोध पोचवायला त्यांचा उपयोग आहे. तेच कागद चुकीच्या हातात पडले तर छाप्याची तयारी आयतीच झाली. कागद कुणाच्या कपाटात राहणार, किती वर्षं राहणार, पोलिसांनी मागितले तर काय करणार, हे पहिल्या दिवशी लिहून द्यायला हवं. आजवर माझ्या ओळखीच्या किती तरी बायांनी किती तरी पथकांना उत्तरं दिली. अहवाल घेऊन परत येणारी पथकं फार थोडी. आपण दिलेल्या उत्तराचं काय झालं हे विचारायची सोयसुद्धा नसते, कारण कागदावरचा फोन नंबर अभ्यास संपला की बंद होतो.

आपल्या बातमीदाराने या सर्वेक्षणाच्या आयोजकांना पुन्हा भेटावं आणि प्रश्न कुणी लिहिले, मुलाखती कोण घेणार, कागद कुणाकडे राहणार आणि निष्कर्ष वस्तीत येऊन कोण सांगणार, हे विचारून छापावं, अशी विनंती आहे. प्रश्नावली अजून पक्की झाली नसेल तर आमच्याकडे पाठवायला सांगा. आमच्यातल्या वाचता येणाऱ्या बाया ती इतरांना वाचून दाखवतील, जिथे अडेल तिथे खूण करतील, आणि आठवड्याभरात आम्ही ती परत देऊ. पत्ता आपल्याकडे आहे. दुपारी तीननंतर कुणीही यावं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. कृपया प्रसिद्ध करू नये.)